माता, बालक आणि रक्तातील साखर

निरोगी प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चहाचा एक चमचा भरेल एवढीच, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, साखर विरघळलेली असते. मनुष्य मेजवानी झोडून उठो किंवा एकादशी करो, ही मात्रा फारशी ढळू नये अशी शरीराची व्यवस्था आहे. ही व्यवस्था कोलमडली म्हणजे जो विकार उद्भवतो त्याला आपण मधुमेह म्हणतो. मधुमेह हा उतारवयातील, सुखवस्तू माणसांचा रोग आहे अशी समजूत अद्यापही पुष्कळ ठिकाणी आढळते. परंतु तो पाळण्यातील बालकालाही होतो, शाळेत जाणाऱ्या मुलालाही होतो आणि पूर्वी कधीही न आढळलेला मधुमेह स्त्रीला गरोदरपणी प्रथमच जडू शकतो. या दोन अवस्थांतील मधुमेहाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

कोठार भरलेले, घर उपाशी

भात, भाकरी, बटाटे इत्यादी पिष्टमय पदार्थ पचले म्हणजे त्यांचे रूपांतर ग्लुकोज नावाच्या साध्या साखरेत होते. ही साखर आतड्यातून रक्तात उतरते. स्नायूंना काम करण्यासाठी आणि मेंदूला अहोरात्र जागे राहण्यासाठी जे इंधन लागते ते हेच होय. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली तिच्यात पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. आज ते ‘लांगरहान्सची बेटे’ म्हणून ओळखले जातात. या बेटांतील विशिष्ट पेशी इन्शुलिन हा स्राव रक्तात सोडतात. इन्शुलिनचा इशारा मिळाल्यावाचून स्नायू आणि मेद यांच्या पेशी रक्तातील साखर पुरेशी आत घेत नाहीत. जादा साखर साठवून ठेवण्याचा हुकूम यकृताला मिळतो तोही इन्शुलिनकडूनच.

इन्शुलिन नसले म्हणजे रक्तात साखर साचत जाते, पण पेशी मात्र भुकेल्या राहतात. कोठार धान्याने भरलेले असावे आणि घरातली माणसे उपाशी निजावीत, असा हा प्रकार असतो. रक्तातील साखर एका डेसिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पुष्कळ पाणी ओढून नेते. वारंवार लघवी, न शमणारी तहान आणि खाऊनही झडत जाणारे शरीर ही मधुमेहाची लक्षणे एकाच कारणातून निघतात ती अशी.

आपल्या प्राचीन वैद्यांना यातील पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या. रोग्याची लघवी मधासारखी असते आणि तिला मुंग्या लागतात हे त्यांनी हेरले होते. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, ज्यात रोगी कृश व तृषार्त असतो, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवणारा, ज्यात रोगी स्थूल व बहुभक्षी असतो. आधुनिक वैद्यकाने केलेले दोन मुख्य प्रकार या जुन्या निरीक्षणापासून फार दूर नाहीत.

बालकाचा मधुमेह

मुलांमध्ये बहुधा आढळतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी लढणारे आपलेच रक्षक काही मुलांच्या बाबतीत चुकून स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींवर उलटतात आणि त्यांचा हळूहळू नायनाट करतात. हे का घडते याचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. परंतु काय घडत नाही, हे मात्र निश्चित सांगता येते. गोड फार खाल्ल्यामुळे हा रोग होत नाही. तो संसर्गाने पसरत नाही. आईने गरोदरपणी काही खाल्ले किंवा न खाल्ले म्हणूनही तो होत नाही. ज्या घरात असे मूल असते तेथे बोल बहुधा आईला लागतो. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

रोगाची चाहूल साधीच असते. रात्री अंथरूण ओले करण्याचे वय केव्हाच मागे टाकलेले मूल पुन्हा ओले करू लागते. शाळेत वर्ग चालू असता पाणी पिण्यासाठी आणि लघवीसाठी ते वरचेवर उठते. पोटभर जेवूनही ते वाळत जाते आणि खेळता खेळता थकून बसते. याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढचा टप्पा फार वेगाने येतो. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी आम्ल द्रव्ये रक्तात साचतात. मूल ओकू लागते, त्याचे पोट दुखते, श्वास खोल व जलद चालतो आणि श्वासाला अतिपक्व फळासारखा वास येतो. हा अपचनाचा किंवा न्यूमोनियाचा प्रकार समजून भलताच उपचार होत राहिला, तर एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊन दगावू शकते. वास्तविक बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब तपासला तर काही क्षणांत निदान होते. अशी लक्षणे असलेल्या मुलाच्या रक्तात साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली, तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात नेले पाहिजे.

याखेरीज मुलांमध्ये आणखी दोन प्रकार आढळतात. स्थूल आणि बैठ्या राहणीच्या मुलांना पौगंडावस्थेत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होऊ लागला आहे. मानेच्या मागील कातडी काळपट व मखमलीसारखी जाड होणे ही त्याची एक पूर्वसूचना असू शकते. तसेच सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला मधुमेह झाला, तर तो बहुधा एखाद्याच जनुकातील दोषामुळे असतो. अशा अर्भकांपैकी काहींना इन्शुलिनच्या सुईऐवजी साध्या गोळ्या पुरतात, हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. म्हणून एवढ्या लहान वयात रोग आढळल्यास जनुकांची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.

टोरांटो ते बेंगळुरू

१९२१ पूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल वाचत नसे. अन्न अतिशय तोडून त्याचे आयुष्य काही महिने लांबवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. त्या वर्षी कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिनचा अर्क काढला. जेम्स कॉलिप यांनी पुढे तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या अस्थिपंजर झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचण्यात आली. तो अर्क अशुद्ध असल्याने प्रयत्न फसला. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा मात्र रक्तातील साखर झपाट्याने उतरली आणि मूल सावरले. ते पुढे तेरा वर्षे जगले. संशोधकांनी आपले एकस्वाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला केवळ एकेका डॉलरला देऊन टाकले.

इन्शुलिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतल्यास ते अन्नाबरोबर पचून जाते, म्हणून ते टोचूनच घ्यावे लागते. त्याची ५१ ॲमिनो आम्ले कोणत्या क्रमाने गुंफली आहेत हे इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी शोधले व त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या साखळ्या अवकाशात कशा दुमडलेल्या असतात हे कोडे उरलेच होते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र १९३५ साली घेतले आणि त्या रचनेचा उलगडा ऑक्सफर्ड येथे झाला तो १९६९ साली! चौतीस वर्षांच्या या साधनेच्या अखेरच्या टप्प्यात हॉजकिन यांच्या तुकडीत एक तरुण भारतीय होता. मामन्नमन विजयन हे त्याचे नाव. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डॉक्टरेट घेऊन ते ऑक्सफर्डला गेले होते आणि १९७१ मध्ये ते त्याच संस्थेत परतले. प्रथिनांच्या स्फटिकरचनेचा अभ्यास भारतात रुजला तो मुख्यत्वे त्यांच्यामुळे. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

या रचनेच्या ज्ञानाचा रोग्याला काय उपयोग, असा प्रश्न साहजिक आहे. इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन एकत्र राहतात, असे त्या रचनेत दिसून आले. टोचलेले इन्शुलिन कामास लागायला उशीर होतो त्याचे कारणही हेच : प्रथम ही षट्के सुटी व्हावी लागतात. साखळीतील दोन ॲमिनो आम्लांची अदलाबदल केली तर रेणू एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, हे ध्यानात आल्यावर १९९६ पासून शीघ्र काम करणारे इन्शुलिन उपलब्ध झाले. आज जेवणाच्या अगदी आधी मुलाला सुई देता येते ती या ज्ञानामुळे.

प्रारंभी इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९८२ पासून जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेतले जाऊ लागले. बेंगळुरू येथील बायोकॉन या कंपनीने एका जातीच्या यीस्टकडून ते तयार करवून २००४ साली भारतात बाजारात आणले. ऑक्सफर्डमध्ये ज्या रेणूचा आकार उलगडला, तोच आता बेंगळुरूतील टाक्यांत तयार होतो.

शाळेने काय करावे

मधुमेही मुलाला दिवसातून अनेकदा इन्शुलिन टोचून घ्यावे लागते आणि बोटातून रक्त काढून साखर पाहावी लागते. न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी, मात्र ती गोठू देऊ नये. जेथे शीतकपाट नाही तेथे ओल्या वाळूत ठेवलेले किंवा पाणी भरलेले मातीचे मडके हा आपल्याकडे रूढ झालेला चांगला उपाय आहे.

शिक्षकांना सर्वांत आधी माहीत असावी अशी गोष्ट म्हणजे साखर फार उतरणे. इन्शुलिन घेतले आणि डबा खायचा राहिला, किंवा मूल मैदानात फार धावले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. मुलाला दरदरून घाम येतो, हात कापतात, ते चिडते किंवा गोंधळून बोलते. अशा वेळी त्याला उशीर न लावता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, तत्काळ वैद्यकीय मदत आणावी. असे मूल एकटे सोडू नये आणि घरीही एकटे धाडू नये.

बाकीच्या वेळी मधुमेही मूल इतरांसारखेच असते. त्याला खेळू द्यावे, सहलीला न्यावे, पाण्यासाठी व लघवीसाठी मोकळीक द्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या, फळे व खाऊ नेण्याची परवानगी दिली. प्रत्येक शाळेने आपल्या वर्गातही तेच धोरण ठेवावे.

गरोदरपणीचा मधुमेह

आता मातेकडे वळू. गर्भाला पोसणारी वार ही केवळ नळी नव्हे. ती स्वतःही स्राव निर्माण करते. गर्भाला साखर अखंड मिळावी म्हणून हे स्राव मातेच्या शरीरातील इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हा विरोध वाढत जातो आणि निरोगी मातेचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडून त्याची भरपाई करते. ज्या मातेला ही भरपाई साधत नाही तिच्या रक्तातील साखर चढते. हाच गर्भावस्थेतील मधुमेह होय. त्याचे बहुधा एकही लक्षण जाणवत नाही आणि त्याचा खरा धोका याच गोष्टीत आहे.

साखर वारेतून गर्भाकडे जाते, पण मातेचे इन्शुलिन जात नाही. डेन्मार्कचे वैद्य यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात याचा अर्थ उलगडून दाखवला. जादा साखर आल्यावर गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडू लागते. इन्शुलिन वाढीलाही चालना देणारे असल्यामुळे गर्भ अवाजवी फुगतो. प्रसूतीच्या वेळी खांदे अडकतात, माता आणि मूल दोघांनाही इजा संभवते. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, मात्र नवजात बालकाच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असते, त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून अशा बालकाला तासाभराच्या आत अंगावर पाजावे आणि त्याची साखर तपासावी. ज्या स्त्रीला आधीपासूनच मधुमेह आहे तिने तर गर्भधारणेपूर्वीच साखर आटोक्यात आणली पाहिजे. कारण गर्भाचे हृदय, मेरुरज्जू इत्यादी अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच आकारास येतात, आणि त्या काळात साखर फार असल्यास त्यांत व्यंग राहण्याचा संभव वाढतो.

तपासणी सोपी आहे. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत गरोदर स्त्रीला, ती जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास गर्भावस्थेतील मधुमेह आहे असे समजतात. या पद्धतीचा पुरस्कार चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी केला. दूरवरून आलेल्या बाईला उपाशी राहण्याची किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची गरज पडत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. पहिल्या भेटीत एकदा आणि साखर तेव्हा ठीक असल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, अशी ती दोनदा करावी.

रोग आढळला तर घाबरण्याचे कारण नाही. बहुसंख्य स्त्रियांना आहारातील बदल आणि रोजचे चालणे पुरेसे होते. ‘आता दोघांचे जेव’ हा आपल्याकडील घरोघरचा उपदेश येथे बाजूस ठेवावा लागतो, आणि डोहाळजेवणातील गोडाधोडालाही आवर घालावा लागतो. तथापि उपाशी राहणेही तितकेच अयोग्य आहे. दोन मोठ्या जेवणांऐवजी अन्न थोडे थोडे विभागून घ्यावे, भाताचा ढीग कमी करून डाळ, उसळ, ताक, पालेभाजी यांचे प्रमाण वाढवावे. कर्नाटकातील नाचणीचा मुद्दा असो वा आपली ज्वारीची भाकरी, दोन्ही चांगली खरी, पण तीही पिष्टमयच आहेत. ती औषध समजून हवी तेवढी खाऊ नयेत. दोन आठवडे पथ्य करूनही जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० मिलिग्रॅमच्या खाली राहत नसेल, तर वैद्य इन्शुलिन किंवा योग्य ते औषध सुरू करतात. इन्शुलिन वारेतून पलीकडे जात नसल्यामुळे गर्भाला त्याचे भय नाही.

म्हैसूर, पुणे आणि बेंगळुरू येथील शोध

प्रसूती झाली, वार पडली, की साखर बहुधा पूर्ववत होते आणि घरातील सर्वांना संकट टळल्यासारखे वाटते. हे समाधान किती फसवे आहे हे बेंगळुरूहून जवळच असलेल्या म्हैसूर येथील अभ्यासाने दाखवून दिले. तेथील होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९९७-९८ साली ८३० गरोदर स्त्रियांची तपासणी करण्यात आली. शंभरांत सुमारे सहा स्त्रियांना गर्भावस्थेतील मधुमेह आढळला. पाच वर्षांनी त्या मातांना पुन्हा तपासले, तेव्हा पूर्वी तो झालेल्यांपैकी ३७ टक्के स्त्रियांना कायमचा मधुमेह जडला होता. इतर स्त्रियांत हे प्रमाण केवळ २ टक्के होते. मुलांचाही माग काढण्यात आला. मधुमेही मातांच्या पाच वर्षांच्या मुलींच्या अंगावर मेद अधिक आणि रक्तात इन्शुलिन अधिक आढळले. साडेनऊ वर्षांच्या वयात मुलगे व मुली या दोघांतही असेच फरक दिसून आले.

या प्रश्नाची दुसरी बाजू पुण्याजवळील खेड्यांत प्रकाशात आली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. पुण्याची बालके लहान आणि किरकोळ होती. आश्चर्य असे, की स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरूनही त्यांच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. ‘कृश तरी मेदयुक्त’ असे हे भारतीय बालक पुढे भरपूर अन्नाच्या आणि बैठ्या जीवनाच्या जगात वाढते तेव्हा त्याला मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे मातेचे पोषण कमी पडले तरी अपाय, आणि तिची साखर चढली तरी अपाय! आणि बालपणी अर्धपोटी राहिलेली मुलगीच पुढे गरोदरपणी मधुमेही होण्याचा संभव असल्याने या दोन टोकांचे एक चक्रच तयार होते.

बेंगळुरूत हाच धागा २०१६ पासून ‘मास्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाने पुढे नेला आहे. शहरातील सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रियांची साखर तपासून त्यांच्या बालकांच्या अंगावरील मेदाची मापे घ्यायची आणि वाढत्या वयात त्यांचा पाठपुरावा करायचा, अशी त्याची योजना आहे. बांधकामावर किंवा कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या, भाड्याच्या खोलीतून पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे माग ठेवणे हे कठीण काम आहे. पण नव्या शहरी भारताचे आरोग्य कोणत्या दिशेने जाते ते अशाच पाहणीतून कळेल.

चक्र कोठे तुटते

गर्भावस्थेतील मधुमेह झालेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी आणि नंतरही ती नियमाने करीत राहावे. हीच तपासणी सर्वांत अधिक राहून जाते. बाळंतीण माहेरी असते, रात्री जागरणात जातात, घरातील प्रत्येकाचे लक्ष बाळाकडे असते. बाळाला लस टोचायला नेण्याची तारीख कोणी विसरत नाही. मातेची तपासणी त्याच फेरीला जोडून दिली, तर तीही विसरली जाणार नाही. स्तनपान, चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी तिचा पुढील धोका कमी होतो.

शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलाला वैद्य केवळ निरोप देऊ शकत होते, ते आज शाळेत जाते, मैदानात खेळते, मोठे होऊन संसार करते. ज्या मातेच्या उदरातील धोका कोणाला दिसत नव्हता, तो आज एका पेलाभर गोड पाण्याने आणि रक्ताच्या थेंबाने उघड होतो. साधने हाताशी आली आहेत. पुन्हा अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाला रागे भरण्याऐवजी त्याच्या रक्ताचा एक थेंब तपासणे आणि बाळंतिणीची विचारपूस करताना तिच्या साखरेचीही विचारपूस करणे, एवढे प्रत्येक घराने आणि प्रत्येक शाळेने केले, तर यापैकी पुष्कळ दुःख टळेल.